लहानसहान गोष्टींचे मोल

वेडाविषयीचे चित्रपट आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांपैकी बहुतेकांत वेडा माणूस हा एकतर हसण्याचा विषय असतो, नाहीतर भिण्याचा. फ्रेंच दिग्दर्शक निकोला फिलिबेर यांचा १९९७ साली प्रदर्शित झालेला ‘ला म्वांद्र दे शोझ’ हा अनुबोधपट या दोन्ही वाटांनी जात नाही. नावाचा अर्थ ‘अगदी क्षुल्लक गोष्ट’. कोणी आभार मानले की ‘त्यात काय एवढे!’ म्हणतानाही फ्रेंच लोक हेच शब्द वापरतात. चित्रपटाचे सारे सार या नावात आहे.

हा चित्रपट ‘ला बोर्द’ या मनोरुग्णालयात घडतो. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात, एका जुन्या हवेलीत, डॉ. जाँ ऊरी यांनी ते १९५३ साली सुरू केले. ऊरींची शिकवण मात्र त्याआधीची, सँ-आल्बाँ येथील इस्पितळातली. तेथे स्पेनमधून परागंदा झालेले डॉ. तोस्केल काम करीत. महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील इस्पितळांत ४०,००० हून अधिक मनोरुग्ण उपासमारीने व हयगयीने मेले. सँ-आल्बाँत मात्र डॉक्टर, रुग्ण आणि आसपासचे शेतकरी यांनी मिळून अन्न जमवले, भूमिगत चळवळीतील माणसांना आसराही दिला. त्याच सुमारास, १९४० आणि १९४१ मध्ये, जर्मनीत नाझींनी ७०,००० हून अधिक रुग्णांना व अपंगांना विषारी वायूने मारले. वायूच्या खोल्यांची तीच पद्धत पुढे आपल्या लोकांसाठी वापरली गेली. म्हणून रुग्णांसोबत एका पंक्तीला जेवणे ही ऊरींच्या पिढीला नुसती हौस नव्हती, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

ला बोर्दमध्ये पांढरे डगले नाहीत. कामांची एक पाळी-पत्रिका असते. स्वयंपाक, झाडलोट, टेलिफोन अशी कामे सर्वांत फिरती वाटली जातात, रुग्णांनाही त्यांचा वाटा मिळतो. ज्यांनी किबुत्सवर दिवस काढले आहेत त्यांना ‘सिद्दूर अवोदा’ आठवेल. परंतु फरक मोठा आहे. किबुत्समध्ये काम उरकणे महत्त्वाचे, येथे काम हे निमित्त. टेलिफोनवर बसलेला रुग्ण सावकाश, अडखळत बोलतो. पलीकडच्या माणसाला थांबावे लागते, आणि ते थांबणे हाच उपचाराचा भाग आहे.

चित्रीकरण १९९५ च्या उन्हाळ्यात झाले. तेथे दर उन्हाळ्यात नाटक बसवले जाते. त्या वर्षी पोलिश लेखक विटोल्ड गॉम्ब्रोविच यांचे ‘ऑपेरेटा’ निवडले होते. कपडे आणि त्यांखालचा उघडा माणूस हाच त्या नाटकाचा विषय, त्यामुळे गणवेश टाकून दिलेल्या इस्पितळात ते विशेष शोभते. झाडांखाली तालमी चालतात. कोणाला शब्द आठवत नाहीत, कोणी भलत्याच वेळी गातो, आणि तरीही नाटक पुढे सरकते. पडद्यामागून निवेदक नाही, कोणाच्या आजाराचे नाव सांगितले जात नाही. बराच वेळ रुग्ण कोण आणि परिचारक कोण हेच आपल्याला उमगत नाही, आणि आपण ते शोधत का बसलो आहोत याची थोडी लाज वाटू लागते. शेवटी एक रुग्ण कॅमेऱ्याकडे पाहून शांतपणे म्हणतो की येथे आम्ही आपापल्यातच आहोत, आणि आता तुम्हीही आमच्यातलेच.

हा शेवट दिग्दर्शकाने कमावलेला आहे. दुसऱ्याच्या दुःखाचे प्रदर्शन होईल या भीतीने फिलिबेर सुरुवातीला कचरत होते. या भीतीला कारणही होते. अमेरिकेतील ब्रिजवॉटरच्या कोठड्यांवर फ्रेडरिक वाइजमन यांनी काढलेल्या ‘टिटिकट फॉलीज’ (१९६७) मध्ये उघडेनागडे कैदी-रुग्ण दिसतात. त्या चित्रपटाने क्रौर्य चव्हाट्यावर आणले, पण त्या रुग्णांची संमती खरोखर होती काय हा वाद कोर्टात गेला, आणि सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी तो १९९१ पर्यंत बंद राहिला. फिलिबेर विचारतात, थांबतात, मग चित्र घेतात. याच रीतीने त्यांनी पॅरिसमध्ये सेन नदीवर तरंगणाऱ्या दिवसा-केंद्रावर ‘सुर लादामाँ’ हा चित्रपट काढला, आणि २०२३ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

तरीही आमची एक तक्रार आहे. उन्हाळा, बाग आणि नाटक यांच्या सोबतीने सारे जरा फार उजळ दिसते. रुग्णाला येथे आणून सोडणाऱ्या आईबापांची बाजू चित्रपट ऐकत नाही. ज्या घरात असा आजार आहे, त्या घरच्या माणसाला रात्री तीन वाजता दारावर बसणाऱ्या धक्क्यांची आठवण होईल, आणि ते कुठे आहे असे तो विचारील. त्याचा प्रश्न रास्त आहे. चांगुलपणा दाखवताना दिग्दर्शकाने त्याची किंमतही थोडी दाखवायला हवी होती.

मात्र या उणिवेमुळे चित्रपट पाहू नये असे नव्हे. आपल्या समाजात आजही असा आजार मागच्या खोलीत राहतो. बहिणीची सोयरीक मोडेल, लोक काय म्हणतील, झाकली मूठ सव्वा लाखाची! पाहुणे आले की त्या मुलाला आत पाठवले जाते. दवाखान्यात नेलेच, तर जिला मराठीवाचून दुसरी भाषा कधी नीट आली नाही अशा वृद्ध बाईशी हिब्रूत प्रश्न विचारले जातात, आणि ती गप्प राहिली की गप्प राहणे हेच तिच्या आजाराचे लक्षण ठरते. औषध हवेच, डॉक्टर हवेतच, त्यांना आम्ही नाकारीत नाही. पण ला बोर्दला जमलेले काही आपल्या घरात जमण्यासारखे आहे. पुढच्या मलिद्याला पोहे भिजवायचे, नारळ खवायचा, ताटे मांडायची असतील तेव्हा त्यातले एक काम त्या मागच्या खोलीतल्या माणसासाठी राखून ठेवावे. ते सावकाश होईल, कदाचित अर्धवटही राहील. बाकीच्यांनी तेवढा वेळ थांबावे.