'लोकस्थिती'बाहेरचे मूल : पंडिता रमाबाईंचे परदेशवास्तव्य आणि वाङ्मयप्रकाराची मर्यादा

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार प्रवास करणाऱ्या एकट्या व्यक्तीभोवती घडलेला आहे. पाहणारा डोळा, पाहिले जाणारे स्थळ आणि मायदेशी बसलेला वाचक यांच्या संबंधातून त्याचा रूपबंध सिद्ध होतो. लहान मूल या रूपबंधात सहजी सामावत नाही. मूल घेऊन परदेशी राहणाऱ्या व्यक्तीचा दिवस पाहण्यापेक्षा करण्यात अधिक जातो : भरवणे, निजवणे, आजारपण काढणे, परक्या भाषेतून मुलाची गरज इतरांना समजावून देणे. हा दिवस रोज जवळजवळ सारखाच असतो. नावीन्यावर जगणाऱ्या प्रवासवर्णनाला अशा पुनरावृत्तीचे काय करावे हे कळत नाही. पंडिता रमाबाईंच्या लेखनात हा पेच विशेष ठळकपणे दिसतो. परंतु त्यांच्याविषयीची चर्चा धर्मांतर आणि स्त्रीसुधारणा या दोन प्रश्नांभोवतीच फिरत राहिल्यामुळे त्याचा वाङ्मयीन अर्थ फारसा तपासला गेलेला नाही.

रमाबाई एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे दोघी उतरल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तेथेच दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू आणि शिकवू लागल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि सुमारे तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८९ च्या आरंभी त्या मुंबईला परतल्या, त्या वेळी मुलगी आठ वर्षांची होत आली होती. तिच्या जाणत्या बालपणाचा फार मोठा भाग अशा रीतीने परदेशात, आणि त्यातील काही काळ आईवाचून, गेला.

याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्म, स्त्रियांची स्थिती यांबरोबर अमेरिकन गृहजीवनाचाही विचार आहे. विसंगती अशी, की जिथे घर हा विषय आहे तिथेही लेखिकेचे स्वतःचे घर विषय होत नाही. अमेरिकन कुटुंबाचे घर 'लोकस्थिती' ठरते. मुलीला घेऊन परक्यांच्या छपराखाली चालवलेले आपले घर मात्र 'वृत्त' ठरत नाही. मनोरमेच्या दिनक्रमाला या ग्रंथाच्या रचनेत कोठेही आवश्यक स्थान नाही.

या मौनाचा अर्थ वात्सल्याचा अभाव असा लावणे हे सर्वांत उथळ वाचन होईल. विधवा, धर्मांतरित आणि समुद्र ओलांडलेल्या एका स्त्रीला मराठी वाचकासमोर ज्ञान देणाऱ्या लेखकाच्या आसनावर बसायचे होते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. आपल्या मुली या बाईच्या हाती सोपवाव्यात, असा विश्वास तिला समाजाकडून मिळवायचा होता. अशा वेळी तटस्थ, आकडेवार, तुलनात्मक निवेदन ही शैलीची निवड होती तशीच ती अधिकार मिळवण्याची रीतही होती. मातृत्वाच्या अडचणी सांगणारा आवाज या अधिकाराला बाध आणू शकला असता.

ग्रंथातून वगळलेले हे जीवन पत्रांत सापडते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात मुलीचे संगोपन हा गौण विषय नसून वादाचे केंद्र आहे. रमाबाई जेराल्डीन यांना 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी पत्रांतला हा मराठी शब्द केवळ लडिवाळपणाचा मानून पुढे जाता येत नाही. ज्या घरात रक्ताची आजी नाही, तिथे नात्याची जागा या शब्दाने भरली जाते. आणि ती भरताच आजीचे हक्कही आपोआप येतात. मुलीला काय शिकवावे, तिची धर्मश्रद्धा कोणी घडवावी, हे प्रश्न त्यातूनच उद्भवतात. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी स्वतः साशंक असलेली आई, जे आपल्याला पटलेले नाही ते मुलीच्या मुखी घालू देण्यास तयार नाही. आपल्या मुलीला भारताची कन्या म्हणवून घेण्याची लाज वाटू नये, ही तिची चिंताही पत्रांत स्पष्ट आहे. अंडे घातलेले पुडिंग न खाण्यासारखी साधी गोष्टसुद्धा जेराल्डीन यांना जातिसंस्काराचा अवशेष वाटते. ताटातला पदार्थ, निजण्यापूर्वीची प्रार्थना आणि वसाहतीचे सत्तासंबंध येथे एकाच पातळीवर येतात. लहान मुलाच्या संगोपनात किरकोळ असे काही उरत नाही, ते याच कारणाने.

मात्र या पत्रांना 'खरी रमाबाई' मानण्याची घाई करू नये. हा पत्रव्यवहार जपला आणि लावला तो जेराल्डीन यांनी; १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. आईच्या बाजूचा पुरावा तिच्या प्रतिपक्षाच्या पेटीतून आपल्यापर्यंत पोचतो, आणि तोही इंग्रजीतून. मराठी ग्रंथात मूल नाही आणि मुलाविषयीच्या पत्रव्यवहाराची भाषा मराठी नाही, अशी ही दुहेरी अनुपस्थिती आहे.

तिचे कारण केवळ वाङ्मयप्रकारात नाही, संबोधिताच्या प्रश्नातही आहे. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले आनंदीबाई जोशी यांचे चरित्र याच १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील पत्रांमध्ये परदेशातला दिवस भरपूर आहे : थंडी, जेवण, लुगडे कोणत्या पद्धतीने नेसावे याविषयीची चर्चा. आनंदीबाईंजवळ मूल नव्हते. पण हे सर्व सांगण्यासाठी मायदेशी गोपाळराव होते. रमाबाईंचे आईवडील, बहीण, भाऊ आणि पती १८७४ ते १८८२ या काळात एकामागून एक गेले होते. 'घरी' पत्र लिहावे असे घरच त्यांना उरले नव्हते. मुलीचा दिवस ज्यांना सांगायचा, त्या जेराल्डीनच त्या दिवसावर हक्क सांगत होत्या.

यावर असा आक्षेप संभवतो, की 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून १८८३ मध्ये छापले गेलेले लेखन मुळात मराठी पत्रच होते. ते खरे आहे. परंतु प्रार्थना समाजातील परिचिताला लिहिलेले ते पत्र एका परीने समाजापुढे दिलेला जबाब आहे. कौटुंबिक पत्रातला निरुद्देश तपशील त्याला परवडणारा नाही. म्हणजे पत्र हा प्रकार स्वतःहून घराला जागा देत नाही. ती जागा वाचणाऱ्याच्या नात्यातून निर्माण होते.

परदेशस्थ मराठी लेखनाचा इतिहास लिहिताना हे सूत्र उपयोगी पडावे. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेल्या कुटुंबांच्या लेखनात मुलांची भाषा, आहार आणि संस्कार हे प्रश्न उघडपणे येतात, म्हणून ते नवे मानण्याचा मोह होतो. ते नवे नाहीत. त्यांना मराठीत ऐकणारा वाचक नवा आहे. १८८९ चा ग्रंथ आणि १९७७ चा पत्रसंग्रह शेजारी ठेवून वाचले, तरच त्या वाचकाच्या अभावी काय लिहिले गेले नाही याची मोजदाद करता येईल.