घनसाळला वास कोणी दिला?

आजऱ्याच्या घनसाळ भाताला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नव्या तंत्रज्ञानावर लिहिताना मात्र आम्हाला घनसाळ कधी आठवला नाही. ही उणीव आमच्या व्याख्येतली आहे.

सुवासिक तांदळाचा मुख्य वास २-असिटिल-१-पायरोलिन या रेणूचा. बहुतेक सुवासिक जातींत बीएडीएच-२ हे जनुक निकामी झालेले असते, म्हणून हा रेणू साठतो. जनुक-संपादनाने हेच जनुक निकामी करून प्रयोगशाळेत बिनवासाच्या भाताला वास आणता आला आहे. त्याला आम्ही ‘शोध’ म्हणतो. निसर्गात आपोआप झालेला असा बदल शेतकऱ्यांनी नाकाने ओळखला, त्या लोंब्या वेगळ्या काढल्या आणि बियाणे पिढ्यान्‌पिढ्या राखले. त्याला मात्र ‘परंपरा’ म्हणून आम्ही मोकळे होतो!

हा नुसता शब्दांचा वाद नाही. मानांकनाने नावाचे रक्षण होते. बियाणे पेरले तरच टिकते. पेरणाऱ्याचे ज्ञान विज्ञानात धरलेच नाही, तर त्याच्या मुलांनी ते का शिकावे?

शिक्षकांनी सुवासिक भाताची हिरवी पाने बारीक कापून कोमट पाण्यात थोडा वेळ झाकून ठेवावीत आणि मुलांना वास घेऊ द्यावा. मग विचारावे : हे बियाणे निवडले कोणी?