मास्तर कृष्णराव : दुसऱ्यांच्या कंठांसाठीं

कै. कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांचा विषय निघाला कीं जुने रसिक हमखास हळहळतात : भास्करबुवा बखले यांचा हा शिष्य नाटकांत व बोलपटांत गुंतला नसता, तर मैफलीचें वैभव केवढें वाढतें ! हळहळ मनापासूनची आहे. परंतु गवयाची खरी कमाई त्याच्या स्वतःच्या गळ्यांतच असते, हें तिच्या मुळाशीं असलेलें गृहीतक आम्हांस मान्य नाहीं.

मैफलींत गवई आपल्या गळ्याच्या मापानें चीज वाढवितो; रचनाकारास दुसऱ्याच्या गळ्याचें माप घ्यावें लागतें. ‘कान्होपात्रा’ (१९३१) नाटकाच्या चाली बसवितांना समोर बालगंधर्वांसारखा कंठ होता. तेथें स्वरास मोकळीक दिली कीं निम्मे काम होई. ‘प्रभात’च्या बोलपटांत ही सोय नव्हती. ‘माणूस’मधील (१९३९) मैनेचें बहुभाषिक गाणें ऐकावें. तें गाइलें शांता हुबळीकरांनीं. पात्र कोठीवरचें, कडव्यागणिक भाषा पालटते, तिच्याबरोबर चालीचा बाजही पालटतो, आणि तरी धागा तुटत नाहीं. येथें चार ताना घातल्या असत्या, तर गवई कृष्णराव दिसले असते आणि मैना नाहींशी झाली असती. त्यांनीं तान गिळली. आमच्या मतें त्यांच्या रचनाकौशल्याची खूण हीच.

‘वंदे मातरम्’चा प्रसंग याहून कठीण. हें गीत बँडवर वाजवितां येणार नाहीं, असा आक्षेप होता. त्यांत तथ्य अगदींच नव्हतें असें नाहीं. आपली मींड पितळी वाद्यांस जडच जाते. कृष्णरावांनीं आपली झिंझोटीतील चाल पोलिसांच्या बँडकडून वाजवून घेऊन उत्तर दिलें. २४ जानेवारी १९५० रोजीं राष्ट्रगीताचा मान ‘जन गण मन’ला मिळाला व ‘वंदे मातरम्’ला समान आदर देण्याचें ठरलें. निर्णय कांहींही होवो, गायकाची चाल गायकावांचूनही उभी राहूं शकते, हें त्यांनीं दाखविलें होतें.

आम्हां वर्धा-नागपूरकडील लोकांस मात्र त्यांच्या कार्याचें आणखी एक अंग अधिक जवळचें वाटावें. डॉ. आंबेडकरांच्या विनंतीवरून त्यांनीं बुद्धवंदना स्वरबद्ध केली. नागपुरास धम्मदीक्षा झाली तें हें १९५६ साल. शब्द पाली, म्हणणारे गाणें न शिकलेले, आणि श्रोता असा वेगळा कोणीच नाहीं ! त्यांच्या गायकीवर लिहिणाऱ्यांनीं या वंदनेचाही स्वरदृष्ट्या विचार करावा, अशी आमची विनंती आहे.