आडनावातील गाव

मराठी आडनावांच्या आणि ग्रामनामांच्या व्युत्पत्ती सांगणारे लेखन आपल्या भाषेत मुबलक आहे, आणि ते आवडीने वाचले जाते यातही शंका नाही. आडनाव प्रत्येकास असतेच; तेव्हा अशा लेखनास वाचकांची वाण पडत नाही. परंतु ह्या लेखनाची सरधोपट रीत पाहिली म्हणजे आमचे समाधान होत नाही. नाव घ्यावे, त्याचे दोन तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यास संस्कृत कोशातला एखादा जवळचा शब्द चिकटवावा, आणि तेवढ्याने न भागल्यास एखादा राजा, ऋषी अथवा देव मदतीस बोलवावा. झाली व्युत्पत्ती सिद्ध! नाशिकात शूर्पणखेचे नाक सापडते, लखनौत लक्ष्मण सापडतो. कथा गोड असतात, त्यांशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते एवढ्याकरिता, की नावाचा अर्थ काय एवढेच हे लेखक विचारतात. ते नाव कोणी दिले, कोणास दिले, आणि कोठे उभे राहून दिले, हे विचारण्याची त्यांस गरज वाटत नाही. आमच्या मते मराठी आडनावाचे मर्म ह्या न विचारलेल्या प्रश्नांतच आहे.

प्रथम गावांकडे पाहू. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळच्या दोन ताम्रपटांत पुण्याच्या परिसराचे नाव येते. इ. स. ७५८ च्या ताम्रपटात 'पुण्यविषय' असे आहे, तर ७६८ च्या ताम्रपटात 'पूनकविषय' असे आहे. दहा वर्षांत गाव काही बदलले नसेल. बदलली ती लिहिणाराची लेखणी. लोकांच्या तोंडचे नाव राजदरबारी कागदावर चढवताना त्यास संस्कृताचे उपरणे पांघरण्याची हौस फार जुनी आहे. तेव्हा ताम्रपटात 'पुण्य' आहे म्हणून पुण्याचे मूळ पुण्यात शोधणे म्हणजे साक्षीदारालाच न्यायासनावर बसवणे होय. पंढरपुराचेही तसेच. शिलालेखांत 'पंडरगे' असे कानडी वळणाचे रूप मिळते. 'पूर' हे मागाहून लागलेले शेपूट आहे. ज्या गावास महाराष्ट्र आपले हृदय मानतो त्याचे नाव कानडी वळणाचे असावे, याने कोणाचा अभिमान दुखावत असेल, तर तो अभिमान जरा नाजूकच म्हटला पाहिजे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ह्या क्षेत्रात जे काम केले त्याचे ऋण आम्ही मानतो. गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळणाऱ्या ह्या पुरुषाने नाव हे इतिहासाचे साधन आहे, केवळ करमणुकीचा विषय नव्हे, हे प्रथम मराठी वाचकाच्या मनावर बिंबवले. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'महिकावतीच्या बखरी'ची त्यांची प्रस्तावना उत्तर कोकणातील वसाहतीचा विचार ज्या धाडसाने करते ते धाडस पुढे फार थोड्यांनी दाखवले. तथापि प्रत्येक नावामागे संस्कृत रूप उभे केल्यावाचून त्यांच्या मनाला स्वस्थता लाभत नसे. द्राविडी अथवा वनवासी भाषांचा थर ह्या भूमीत खाली असू शकेल, ही शक्यता त्यांनी पुरेशी मोकळी ठेवली नाही. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्यांची पायपीट सोडून दिली आणि हट्ट तेवढा उचलला.

ह्या बाबतीत इंग्लंड-जर्मनीकडील अभ्यासकांची शिस्त आपणांस उपयोगी पडेल. इंग्रज आज इंग्रजी बोलतो, पण ज्या थेम्स नदीचे पाणी पितो तिचे नाव त्याच्या भाषेहून जुने आहे. 'चेस्टर' अथवा 'कॅस्टर' असा शेवट असलेल्या गावांत रोमन छावणीचे लॅटिन नाव दडलेले आहे. डर्बी, व्हिट्बी, ग्रिम्सबी यांतील 'बी' डेन लोकांनी आणलेले आहे. आणि 'टन' व 'हॅम' ही अँग्लो-सॅक्सन शेतकऱ्यांची वस्ती व घर होत. जर्मनांचे कोलोन हे शहर म्हणजे रोमनांची 'कोलोनिया', वसाहत. तेथील विद्वान गावाचे सर्वांत जुने लिखित रूप मिळाल्यावाचून अर्थ सांगण्याचे धाडस सहसा करीत नाहीत, आणि गाव एका भाषेचे नसून थरांचे असते हे मान्य करण्यात त्यांस कमीपणा वाटत नाही.

आता आडनावांकडे वळू. मराठीत गावावरून आलेले आडनाव म्हणजे 'कर' लावलेले नाव. हा 'कर' कोठला? कोणी तो 'करणारा' मानतात, कोणी त्यात सारावसुलीचा कर पाहतात. आम्हांस प्राकृतातील 'केर' ह्या संबंधवाचक शब्दाशी त्याचे नाते जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. लखनौच्या आसपासच्या खेड्यांतून अवधी बोलणारा मनुष्य आजही 'चा, ची, चे' याच्या जागी 'केर' म्हणतो. ते ऐकले की आपला 'कर' परप्रांतात दूरच्या चुलतभावास भेटला असे वाटते. परंतु व्युत्पत्तीहून महत्त्वाची आहे ती त्या प्रत्ययाची वागणूक. गावात राहतो तो 'गावकरी'. गावात त्यास त्या गावाच्या नावाने कोणी हाक मारीत नाही, कारण तेथे सगळेच तेथले. तो शीव ओलांडून दुसऱ्या गावी गेला, आणि तेथल्यांनी 'हा कोठला?' असे विचारले, म्हणजे 'कर' जन्मास येतो. म्हणून असे आडनाव मनुष्य कोठे आहे ते सांगत नाही. तो कोठून निघाला ते सांगते, आणि ते सांगणारे असतात परके लोक. मल्हारराव होळकरांचे गाव नीरेकाठचे होळ. ते वाढले मात्र खानदेशात, मामाकडे. गाव मागे राहिले आणि नावात येऊन बसले. माहेरचे गाव सोडून आलेली सून तर कधी न पाहिलेल्या गावाचे नाव जन्मभर वागवते. त्या गावचा पाणवठा कोठे हेही तिला ठाऊक नसते.

ह्या नियमास अपवाद आहे, आणि तोही बोलका आहे. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक येथे त्यांचे ठाणे झाले, त्या गावावरून ते निंबाळकर झाले. येथे नाव सोडलेल्या गावाचे नसून मिळवलेल्या गावाचे आहे. इंग्लंडातही हा भेद स्वच्छ दिसतो. बाराव्या शतकात हार्टबर्नच्या विल्यमला वॉशिंग्टन नावाच्या गावाची जहागीर मिळाली, तेव्हा त्याने जुने नाव टाकून नव्या गावाचे नाव धारण केले. सामान्य मनुष्यास मात्र तो सोडून आलेल्या गावाच्या नावाने शेजारी ओळखीत. जर्मनांनी तर ह्या दोहोंसाठी दोन व्याकरणे केली. सरदार गावाच्या नावामागे 'फॉन' लावी, आणि सामान्य मनुष्यास गावापुढे 'अर' लागे. आडेनाऊ गावचा तो आडेनाउअर. पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांचे आडनाव असेच 'कर' जातीचे आहे. हुद्द्यांच्या नावांत तर साम्य पाहून हसू येते. जर्मन शुल्त्स म्हणजे गावचा पाटील, आणि दोन्हीकडे त्यांची संख्या सारखीच उदंड.

एका गोष्टीत मात्र आपण त्यांच्याहून वेगळे आहोत. इंग्रजाचा जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. बापाचे नाव आडनावात जाऊन गोठले, आणि दहाव्या पिढीत ते कोणत्या जॉनचे हे कोणी सांगू शकत नाही. मराठी माणसाने बापास मधल्या खोलीत ठेवले. दर पिढीस ते नाव बदलते, म्हणून खरे राहते. आणि शेवटची जागा गावासाठी मोकळी सुटते. आपले नाव, बापाचे नाव, गाव: तीन शब्दांत मनुष्याचा पत्ता पुरा होतो. त्यात जात येत नाही! ब्राह्मण, मराठा, धनगर, सोनार, महार, सर्वांत 'कर' आहेत, कारण गाव सर्वांचे आहे. मराठी मुलखात मुरलेला मनुष्य इतर खुणांवरून जात ताडतो ही गोष्ट वेगळी, आणि ती आपल्यास भूषणावह नाही. परंतु उत्तरेत आडनाव ऐकून समोरच्याची जात ठरवण्याची ज्यांस सवय आहे, त्यांची 'कर'पुढे पंचाईत होते. 'म्हणजे आपण कोण?' हा प्रश्न लखनौत राहणाऱ्या मराठी माणसास नवा नाही.

वास्तविक अवधात 'कर' नाही असे नाही; तो कवींच्या नावांत राहतो. लखनवी, काकोरवी, बिलग्रामी, दर्याबादी ही सारी गावेच आहेत. पण हे नाव शायर स्वतः घेतो, शहराची ऐट म्हणून घेतो, आणि घरी बसूनही घेतो. सफी लखनवींना लखनवी होण्यासाठी लखनौ सोडावे लागले नाही. उलट जोश मलीहाबादी पाकिस्तानात गेले, १९८२ साली इस्लामाबादेत वारले, आणि लखनौशेजारचे आंब्यांचे मलीहाबाद अखेरपर्यंत त्यांच्या नावात राहिले. तेथे मात्र त्या 'ई'ने आपल्या 'कर'चेच काम केले, असे आम्ही म्हणू.

ह्या साऱ्या विवेचनाचे सर्वांत मोठे उदाहरण लखनौच्या गोमती नगरात दगडात उभे आहे. विपुल खंडात डॉ. भीमराव आंबेडकर यांचे विशाल स्मारक आहे. रोज हजारो लोक ते नाव वाचतात. त्या नावात रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे लहानसे गाव आहे हे किती जणांस ठाऊक असेल? घराण्याचे आडनाव सकपाळ. गावावरून आंबडवेकर झाले, आणि पुढे आंबेडकर. शाळेतील शिक्षकाने आपले आडनाव दिले ही कथा प्रसिद्धच आहे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. बाबासाहेबांचा जन्म झाला महूच्या छावणीत, वडील लष्करात. आंबडवे मागे पडलेले. म्हणजे हे नाव निघून आलेल्यांचे आहे. ज्या गावाने ह्या घराण्यास शिवेबाहेर ठेवले असते, त्याच गावावर ह्या नावाने जगाच्या दृष्टीने कायमचा हक्क सांगितला. कोशात 'आंबा' शोधणाऱ्या व्युत्पत्तीकारास ह्यातले काय दिसणार?

मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ठरवले की सरकारी कागदोपत्री हे नाव 'भीमराव रामजी आंबेडकर' असे लिहावे. त्यामागे तेव्हाचे राज्यपाल राम नाईक यांचा आग्रह होता. 'अंबेडकर' नव्हे, 'आंबेडकर', हेही त्यांनी लावून धरले. 'रामजी' ह्या शब्दावरून राजकीय वाद पेटला. हेतूंची चिकित्सा राजकारणाच्या अभ्यासकांनी करावी. आम्हांस त्यात दिसला तो दोन नामपद्धतींचा खटका. मराठी कानास 'रामजी' म्हणजे केवळ वडिलांचे नाव. संविधानावरील सहीत त्याचे आद्याक्षर आहेच. मधल्या नावाची रीत जेथे नाही, तेथे तेच नाव घोषणेसारखे ऐकू आले. मधली खोली परिचयाची नसली म्हणजे तेथे कोण बसले आहे याविषयी तर्क सुरू होतात.

आणखी एक मौज. अवधातच १९९५ पासून आंबेडकर नगर नावाचा जिल्हा आहे. गावावरून आडनाव, आडनावावरून पुन्हा ठिकाण! वॉशिंग्टनची वाट हीच. वासा नावाच्या कोणा सॅक्सनाच्या माणसांची वस्ती ते वॉशिंग्टन. त्या गावावरून घराणे. घराण्यातील पुरुषावरून अमेरिकेची राजधानी. कोणी त्यात धुणे शोधू लागला तर त्यास आपल्या पुरवण्यांत सहज जागा मिळेल.

गोमती नगराची स्वतःची नावे मात्र निराळ्या जातीची आहेत. लखनौ विकास प्राधिकरणाने ही वसाहत नदीपलीकडे आखली आणि तिचे खंड पाडले: विनय, विराम, विवेक, विकास, विशाल, विभूति, विराट, वरदान. सगळ्यांचा आरंभ 'व'ने. नावे मंगल आहेत, पण ती एका टेबलावर बसून ठेवलेली आहेत. विराम खंडात कोणी विसावला नव्हता आणि विनय खंडात विनय अधिक पिकतो असा अनुभव नाही. ऑस्ट्रियात १७८७ साली आणि प्रशियात १८१२ साली यहुद्यांस कायद्याने कायमची आडनावे घ्यावी लागली, तेव्हा कित्येकांच्या वाट्यास अशीच शोभिवंत नावे आली. त्यांचा अर्थ अगदी स्पष्ट असतो, आणि इतिहास विचारला तर सरकारी आदेशापाशी संपतो. अर्थावर विसंबणाऱ्या व्युत्पत्तीशास्त्राची ही खरी परीक्षा.

तथापि ह्या खंडांच्या मधून जुनी गावे डोके वर काढतात. ग्वारी, उजरियांव, हुसडिया, कठौता. कोणी चौकाच्या नावात उरले आहे, कोणी तळ्याच्या. रिक्षावाल्यास खंडाचा क्रमांक सांगून कळले नाही तर ह्यांतलेच एखादे नाव सांगावे लागते. येथील मराठी घरांत जन्मलेली मुले दादर-पुण्यास नातेवाइकांकडे जातात तेव्हा तेथे त्यांस 'लखनौकर' म्हणतात. नियम अजून जिवंत आहे. परंतु शाळेचा दाखला आणि आधार पत्र ह्यांनी आडनाव खिळून टाकल्यामुळे ती हाक ओसरीवरच राहते, नोंदवहीत जात नाही. आणि 'गोमतीनगरकर' असे तर तेथेही कोणी म्हणताना आम्ही ऐकलेले नाही.