मोबाइल ॲप-निर्मिती आणि आयपीव्ही-६ : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
आयपीव्ही-४ मधील पत्ता ३२ बिटांचा असल्याने त्यातून सुमारे ४२९ कोटीच पत्ते मिळतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे गट प्रादेशिक संस्थांना वाटले गेले. तत्पूर्वीच, जुलै २०१० मध्ये, भारताच्या दूरसंचार विभागाने १२८ बिटांच्या आयपीव्ही-६ कडे जाण्याचा आराखडा प्रसिद्ध केला. मार्च २०१३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. आराखड्याचा भर मुख्यतः सेवापुरवठादार, शासकीय यंत्रणा व उपकरणे यांवर होता. ॲपमधील आज्ञावली हा त्याचा केंद्रविषय नव्हता.

विवेचन :
ही उणीव ॲपल कंपनीने काही अंशी भरून काढली. ॲप स्टोअरकडे येणारे ॲप केवळ आयपीव्ही-६ असलेल्या जाळ्यावरही चालले पाहिजे, अशी अट तिने १ जून २०१६ पासून लागू केली. अट स्वागतार्ह असली तरी तिची मर्यादा स्पष्ट आहे. नॅट-६४ व डीएनएस-६४ हे दुभाष्याचे काम करीत असल्याने सर्व्हर जुन्याच पत्त्यावर राहिला तरी ॲप उत्तीर्ण होऊ शकते. ॲण्ड्रॉइडने तर २०१३ मधील ४.३ या आवृत्तीपासून ४६४-एक्सलॅट ही सोय प्रणालीतच दिली. तिच्यामुळे जुनी ॲप चालतात हे खरे. परंतु विकसकाची चूकही झाकली जाते. ही चूक मूलतः साधी असते : सर्व्हरचे नाव न वापरता चार अंकगटांचा पत्ता आज्ञावलीत लिहिणे, अथवा पत्त्यासाठी १५ अक्षरांचाच रकाना ठेवणे. आयपीव्ही-६ चा पूर्ण पत्ता ३९ अक्षरांचा होतो.

याचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. रावेर-यावलच्या केळी-उत्पादकांसाठी भाव दाखविणारे एखादे ॲप गृहीत धरावे. त्याचा सर्व्हर आयपीव्ही-४ वरच असेल, तर अनेक ग्राहक एकाच सामाईक पत्त्याआडून तेथे पोहोचतात. एकाच्या गैरवापरामुळे तो पत्ता रोखला गेल्यास निरपराध शेतकऱ्यांचीही वाट बंद होते.

निष्कर्ष :
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी पत्त्याच्या रचनेची व्याख्या शिकविण्यावर थांबू नये. विद्यार्थ्याचे प्रकल्प-ॲप आयपीव्ही-६ च्या जाळ्यावर, तेही दुभाष्याशिवाय, चालवून पाहणे हा प्रात्यक्षिक परीक्षेचा भाग व्हावा. झाकलेली चूक दिसल्याखेरीज ती सुधारता येत नाही.