अंधारीतला तुघलक

माझी पुतणी शिक्षणासाठी जपानात असते. गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी बसून तिने मला एक छायाचित्र दाखवले. त्यात एक साधे रेल्वेचे फाटक, मागे समुद्र आणि फाटकाशी उभी असलेली ती! ‘यात पाहण्यासारखे काय?’ असे मी विचारताच ती हसली. कामाकुराजवळच्या एका लहानशा स्टेशनालगतचे ते फाटक ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलवरच्या चित्रमालिकेत दिसते. मालिका १९९३ ते १९९६ या काळातली. पण ते फाटक पाहायला आजही देशोदेशींची माणसे जातात. जपानी लोक या हिंडण्याला जो शब्द वापरतात तो तीर्थयात्रेचाच आहे. वाशिनोमिया येथील जुन्या देवळात तर नवसाच्या लाकडी पाट्यांवर भाविक मंडळी ‘लकी स्टार’ या मालिकेतल्या मुलींची चित्रे काढून टांगतात म्हणे.

“काका, आपल्याकडे असं काही नाही का?” तिने विचारले.

आता आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरात. दौलताबाद इथून जेमतेम पंधरा किलोमीटर. मी कपाटातून गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ काढले, विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे निघालो.

मूळ कन्नड नाटक १९६४ चे. मराठीत ते १९७१ मध्ये ‘आविष्कार’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली उभे केले, सुलतान होते अरुण सरनाईक. नाटकाचा उत्तरार्ध दौलताबादेत घडतो. तथापि ते पाहताना किंवा वाचताना हा किल्ला आपल्या घराजवळचा आहे, याची आठवण आपल्याला क्वचितच होते. दिल्लीत इब्राहिम अल्काझींनी ते पुराना किल्ल्यात केले, मनोहर सिंगांना घेऊन. तो किल्ला सुलतानानंतर दोनशे वर्षांनी बांधलेला. पण कुणाचे काही बिघडले नाही. मग खऱ्या गडावर जाऊन नाटकाच्या वाचकाला अधिक ते काय मिळणार? मी ही शंका मनात घेऊनच दरवाजातून आत शिरलो.

प्रारंभी तर निराशाच झाली. शिरताच नजर अडते ती चांदमिनारावर, आणि तो पंधराव्या शतकातला, बहमनींचा. सुलतानाने तो पाहिलेला नाही. पुढे चिनी महाल. तिथे औरंगजेबाने गोवळकोंड्याच्या अबुल हसनला कैदेत ठेवले. वर बारादरी, ती शहाजहानच्या वेळची. म्हणजे तुघलकाचा दौलताबाद पाहायचा तर डोळ्यांनी एकेक इमारत पुसतच वर चढावे लागते. पुतणी म्हणाली, जपानात हे काम सोपे असते, चित्र आणि जागा शेजारी धरून पडताळून पाहायचे. इथे पडताळण्याजोगे एकच उरते, तो खडक आणि त्याच्या पोटातली अंधारी.

नाटकात रात्रीच्या वेळी तटावर दोन पहारेकरी बोलत असतात. त्यांतला मोठा, गडाच्या पोटातल्या त्या लांब वाटेला एका पोकळ अजगराची उपमा देतो. वाचताना ही उपमा मला थोडी नाटकी वाटत आली होती. चौदाव्या शतकातला शिपाई असे कशाला बोलेल! परंतु अंधारीत आमच्या वाटाड्याने मशाल विझवली आणि माझे मत तिथेच बदलले. वाट वळत जाते, पायऱ्यांची उंची सारखी नाही, वटवाघळांचा उग्र दर्प येतो, आणि कुठे उजेडाचा कवडसा दिसला तर तिकडे धावणारा शत्रू खंदकात पडावा अशी योजना. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण घालून त्यावर निखारे पेटवीत, म्हणजे धूर खाली कोंडावा. हे सारे ज्याने रोज पाहिले, तो अजगराखेरीज दुसरे काय म्हणेल? नाटककाराने तिथे कल्पना लढवलेली नाही, साधे वर्णन केले आहे.

दुसरी गोष्ट मात्र उलटी. त्याच प्रवेशात झोप न येणारा सुलतान तटावर येतो आणि तरुण पहारेकऱ्याला ऐकवतो की, तुझ्यासारखाच तरुण असताना मी हा किल्ला बांधला, विटेवर वीट माझ्या डोळ्यांदेखत चढली. इतिहासाच्या दृष्टीने हे चुकीचे. देवगिरी यादवांची, भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी केली, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, आणि तुघलकाची राजधानी इथे आली ती १३२७ मध्ये. जाणकार इथे नाक मुरडतात. मीही मुरडत असे. पण तो तासलेला कडा समोर पाहिल्यावर वाटले, चूक आहे ती सुलतानाची, आणि ती त्याला शोभते. कारण या गडाचे सामर्थ्य विटांत नाहीच. कुणीतरी डोंगराचा पाषाण काढून टाकून तो उभा केला; इथे रचण्यापेक्षा कोरणे अधिक. विटा मोजणाऱ्या माणसाला हे दिसत नाही. कार्नाडांच्या मनात हे होते की नव्हते, हा प्रश्न मला गौण वाटतो. गडावर उभे राहून वाचणाऱ्याला ते दिसते खरे.

वर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. ते या गडाचे किल्लेदार, आणि एकनाथांचे गुरू. एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्रभर हिशेबाच्या वह्या चाळल्या आणि पहाटे ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही आख्यायिका लहान मुलांनाही ठाऊक असते. ती याच गडावरची. मला एकदम हसू आले. एकाच गडावर दोन जागरणे! एक एका पैसाठी. दुसरे, तांब्याच्या नाण्याला चांदीची किंमत देऊन घरोघर टांकसाळी उघडायला लावणाऱ्याचे. नाटकात ती खोटी नाणी सुलतानाच्या गुलाबांच्या बागेत ढिगाने ओतली जातात. पुतणीने बाग कुठे असेल म्हणून विचारले. मी खाली महाकोटाच्या सपाटीकडे बोट दाखवले, पण ते आपले उगीच.

नाटकाविषयी माझी एक तक्रार उरली, ती आम्ही पुढे खुलताबादला गेलो तेव्हाची. दिल्लीहून ज्यांना यावे लागले त्यांच्या कबरी तिथे आहेत: सूफी बुर्हानुद्दीन गरीब, आणि कवी अमीर हसन सिजझी, ज्याने आपल्या गुरूंची, निझामुद्दीन अवलियांची, संभाषणे लिहून ठेवली. नाटकात राजधानी हलवण्याचे दुःख आहे ते वाटेतल्या भुकेचे आणि मरणाचे. जे पोहोचले, राहिले आणि इथल्याच मातीत मिसळले, त्यांना नाटकात जागा नाही. सुलतानावरची नजर हलली असती तर कदाचित नाटकच मोडले असते, हे मान्य. तरीपण त्या कबरीपाशी उणीव जाणवते.

परतताना रस्त्यावर दौलताबादची सीताफळे घेतली. पुतणीला तो तटावरचा प्रवेश गडावरच मोठ्याने वाचायचा होता, रात्री, जसा तो लिहिला आहे तसा. पण सूर्य मावळायच्या सुमारास रखवालदार सगळ्यांना खाली काढतात आणि दरवाजा लावतात. तेव्हा तिने तो घरी वाचला, माळ्यावरच्या आकाशकंदिलाखाली. पहारेकऱ्यांची कामे वाटून घेतली. थोरल्याचे अर्थातच माझ्याकडे आले.