‘मुळापासून’ हा शब्द चरकाचा नव्हे

आपल्या तेल्हाऱ्यात थंडी पडली की खोकल्या-दम्याच्या औषधांच्या जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसायला लागतात. त्यांतलं एक नेहमीचं वाक्य आज तपासायला घेऊ : ‘दमा मुळापासून बरा करणारे प्राचीन, गुप्त औषध’. औषधाची परीक्षा डॉक्टर-वैद्य करतील. वाक्याची परीक्षा हे मात्र तत्त्वज्ञानाचं काम आहे.

आधी ‘प्राचीन’ बघू. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार आहेत, त्यांतला एक तमकश्वास. रोग्याला आडवं पडवत नाही, उठून बसलं की बरं वाटतं. ढगाळ हवा, थंडी, पूर्वेचा वारा यांनी त्रास वाढतो. आपण वऱ्हाडात ‘दम लागते’ म्हणतो, तेच हे चित्र. आणि ग्रंथाचा निर्णय काय? तमक ‘याप्य’ आहे. म्हणजे उपचाराने आवरून ठेवता येतो, समूळ जात नाही. फक्त नवा असेल तर साध्य. म्हणजे ज्या परंपरेच्या नावावर हे वाक्य विकलं जातं, ती परंपराच त्याला साक्ष देत नाही!

आता ‘गुप्त’. सितोपलादी चूर्ण घ्या. खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2, दालचिनी 1. सगळं उघड. जे उघड आहे ते तपासता येतं, चूक निघाली तर दाखवता येते. गुप्त पुडीचं तसं नाही. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं तपासणीत सापडलेलं आहे. लवकर गुण येतो तो त्याचा, आणि नाव होतं मुळ्यांचं.

वनस्पतींना कमी लेखण्याचा प्रश्न नाही, बरं का. आपल्या कुंपणावरच्या अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं आधुनिक औषध तयार झालं. चीनमध्ये झांग झोंगजिंग या वैद्याचा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक काढा आहे : माहुआंग, जर्दाळूच्या बियांचा गर, जिप्सम आणि ज्येष्ठमध. तो प्रत्येक दम्याला नव्हे, विशिष्ट लक्षणं दिसली तरच द्यायचा. माहुआंगमधून जपानच्या नागाई यांनी 1885 मध्ये इफेड्रिन वेगळं केलं आणि पुढे ते जगभर दम्यावर वापरलं गेलं. पण तीच वनस्पती अमेरिकेत वजन कमी करायला सर्रास विकली गेली, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना पुढे आल्या, आणि 2004 मध्ये त्या पूरकांवर बंदी आली. वनस्पती तीच होती. ‘कोणाला, केव्हा, किती’ हे प्रश्न तेवढे गळाले होते.

‘पण आमच्या माणसाला गुण आला ना!’ असं तुम्ही म्हणाल. इथे न्यायशास्त्र कामी येतं. जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. सरपण ओलं असेल तरच धूर. या दडलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घेतलं आणि पुढे बरं वाटलं. पण त्याच दिवसांत पावसाळाही सरलेला असतो. दमा मुळातच कमी-जास्त होणारा आजार. मग गुण खिरीचा, की बदललेल्या हवेचा? हे वेगळं केल्याशिवाय अनुमान टिकत नाही.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. ‘मुळापासून’ ऐकून माणूस ‘सवय लागते’ म्हणत इन्हेलर बाजूला ठेवतो. इन्हेलरचं व्यसन लागत नाही. श्वासनळीची सूज आवरणारं औषध अचानक थांबवलं तर मात्र मोठा झटका येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला तर आधी क्षयासाठी तपासलाच पाहिजे. चरकानेही क्षयज कास वेगळा मोजलेला आहे.

तेव्हा घरी सितोपलादी मधातून चाटायची तर चाटा, वैद्यांना विचारून. पण डॉक्टरांना न विचारता इन्हेलर सोडू नका. आणि कोणी ‘मुळापासून’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : बाप्पा, चरकाने ज्याला याप्य म्हटलं, ते तुम्ही साध्य कोणत्या पुराव्याने केलं?